घरून फोन

आम्ही बौद्ध. आमच्या घरात उतारा नाही, नवस नाही, अंगारा नाही. माझे बाबा नांदगाव खंडेश्वरच्या शाळेत विज्ञान शिकवायचे. कुणी सांगायला लागलं की अमुक झाडाखाली बाई दिसते, तर ते शांतपणे विचारायचे, "तिच्या पायात चप्पल होती का?" समोरचा गोंधळायचा आणि तिथंच त्या भुताचा निकाल लागायचा. मी त्या घरात वाढले. असे अनुभव मी वाचायचे ते निव्वळ करमणूक म्हणून, जेवताना, मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून... त्यामुळे आज मीच लिहायला बसले आहे याचं माझं मलाच अवघडल्यासारखं होतंय.

पण ज्यांच्या बाबतीत हे घडलं त्यांनीच मागच्या महिन्यात सांगितलं, "लिहा न मॅडम, आमची काही हरकत नाही." म्हणून लिहिते. नावं बदलली आहेत. बाकी आठवतं तसं.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. मी अमरावतीला एमबीए करत होते, एचआर घेऊन. पहिलं वर्ष संपलं की उन्हाळ्यात दोन महिने इंटर्नशिप करावी लागते. वर्गातले बरेच जण पुण्याला गेले. मला मिळाली अकोल्याला, एमआयडीसीतल्या एका कंपनीत. ठिबक सिंचनाचे पाइप बनवणारी, तीनेकशे माणसांची. खरं सांगायचं तर मी हिरमुसले होते. एचआर म्हणजे काचेची केबिन, प्रेझेंटेशन, कॉफी मशीन असं काहीतरी डोक्यात होतं. इथं पत्र्याच्या शेडला लागून एक लांबट खोली, तीन टेबलं, लोखंडी कपाटं, खिडकीत कूलर, आणि कूलरच्या घरघरीवर आवाज चढवून बोलणारी माणसं.

जुन्या शहरात माझी मावशी राहते. तिच्याकडे उतरले होते. सकाळी सव्वाआठला शेअर ऑटो, नऊला पंचिंग. मे महिना, अकोला. दुपारी बाराला गेटपासून ऑफिसपर्यंत चालायचं म्हटलं तरी डोळ्यांपुढे पांढरं व्हायचं.

आमच्या मॅनेजर खोडके मॅडम. वय पस्तीसच्या आसपास, बारीक अंगाच्या, कडक. याच कंपनीत टाइम ऑफिसच्या, म्हणजे हजेरी विभागाच्या, क्लार्क म्हणून लागल्या आणि नोकरी करत करत डिप्लोमा करून इथवर आल्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "कॉलेजात शिकलीस ते बाजूला ठेव. एचआर म्हणजे काय? माणूस गेटच्या आत आला की त्याची फाइल उघडायची, बाहेर गेला की बंद करायची. मधलं सगळं त्या फाइलीत बसलं पाहिजे." मी ते वहीत लिहूनही घेतलं.

एक नियम मात्र त्या वहीच्या बाहेरचा होता. घरून कुणाचा फोन आला तर मॅडम हातातलं काम टाकून स्वतः उठायच्या. शॉप फ्लोअरवर मोबाइल चालत नाहीत, गेटवरच्या खणांत ठेवून जावं लागतं. त्यामुळे घरचे लोक ऑफिसच्या फोनवर लावायचे. निरोप काहीही असो, गॅस संपला असला तरी, मॅडम उन्हातून शेडपर्यंत जाऊन त्या माणसाला सांगून यायच्या. मी एकदा म्हटलं, "मॅडम, मी जाते ना." तर म्हणाल्या, "नाही. हे माझं काम आहे."

मला तेव्हा वाटलं, असतात काही माणसं अशी.

इंटर्नशिपच्या चौथ्या आठवड्यात स्टोअरकीपरच्या जागेसाठी भास्कर तायडे नावाच्या माणसाचा अर्ज आला. वय एकोणचाळीस. आधी याच कंपनीत स्टोअरला होते, नऊ वर्षांपूर्वी सोडून गेलेले. मधली वर्षं चाकणला. आता परत अकोल्याला येऊ इच्छितात. प्लांट मॅनेजरांनी अर्जावर लिहिलं होतं, 'जुना माणूस, काम चांगलं, बोलवा.'

मॅडमनी तो अर्ज चार दिवस टेबलावर तसाच ठेवला. उघडलासुद्धा नाही. पाचव्या दिवशी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाल्या, "याचं व्हेरिफिकेशन तू कर. उद्या अकराला बोलावलंय त्यांना. मला वेळ नाही."

मी कपाटातून त्यांची जुनी फाइल काढली. आत एका तरुण माणसाचा फोटो, दाट केस, कॅमेऱ्याकडे बघून घाबरलेला. पगाराच्या चिठ्ठ्या, दोन बोनसचे कागद. शेवटी तीन रजिस्टर्ड पत्रं, 'आपण विनापरवाना गैरहजर आहात' अशी. तिन्ही परत आलेली, पोस्टमनच्या अक्षरात 'घर बंद' असा शेरा. आणि सगळ्यात वर शिक्का मारलेला, 'अ‍ॅबस्काँडिंग'. म्हणजे न सांगता पळून गेलेला. त्याखाली छापील प्रश्न होता, 'पुन्हा कामावर घेण्यास पात्र?' आणि 'नाही'वर खूण.

नव्या अर्जात एक जागा कोरी होती. आपत्कालीन संपर्क. जुन्या फॉर्मवर तिथं नाव होतं, कमलाबाई तायडे, नातं आई, आणि दर्यापूर भागातला लँडलाइन नंबर. माझ्या चेकलिस्टमध्ये लिहिलं होतं की हा संपर्क फोन करून पडताळायचा. मी विचार केला, नंबर चालू असेल तर तोच भरू.

शून्य दाबून बाहेरची लाइन घेतली आणि नंबर फिरवला. दुपारचे बारा वाजायला आले होते. मॅडम पलीकडच्या टेबलावर मस्टर बघत होत्या, आमच्यामध्ये आठ-दहा फुटांचं अंतर.

चार-पाच रिंग गेल्या. मग कुणीतरी उचललं.

"हॅलो... कोन?" बाईचा आवाज. म्हाताऱ्या माणसाचा, पण खणखणीत.

"नमस्कार. मी अकोल्याहून कंपनीतून बोलते. भास्कर तायडे यांच्या आई का?"

"हाव वो बाई. आहे का तो तथी?"

मला वाटलं, मुलाला नोकरी लागते की नाही म्हणून विचारताहेत. म्हटलं, "आत्ता नाहीत ते इथं."

"कामात असन," ती म्हणाली. "त्याच्या मोबाइलवर लावला म्या. उचलून नाई रायला. मंग या नंबरावर लावा लागला."

मी फोन लावला होता, आणि ही म्हणत होती की तिनं लावला. मला तेव्हा ते जाणवलंच नाही असं नाही. पण वयस्कर माणसं बोलताना पुढंमागं करतात... मी सोडून दिलं. तिच्या मागे कसलातरी एकसारखा आवाज येत होता, पिठाच्या चक्कीचा. जुन्या इंजिनवर चालते तशी, टुक-टुक-टुक.

"काही निरोप होता का?" मी विचारलं.

"हाव. लिवून घेतं का?"

मी पेन उचललं. समोर तायडेंचा व्हेरिफिकेशन फॉर्म होता, त्याच्याच 'रिमार्क्स'च्या चौकटीत लिहायला लागले.

"नानूले म्हणा, मी बरी आहो. सकायी छातीत दुखून रायलं होतं, म्हून घाबरली जराशी. आता नाई. त्याले म्हणा, धावत-पयत येऊ नोको. घाई काई नाई. जेवून खाऊन निंगजो म्हणा. उपाशी पोटी मोटार लागते त्याले, लहानपनापासून."

"बरं, सांगते."

"अन् बाई..." ती थांबली. "तुमी साह्यबाच्या ऑफिसातल्या न वो?"

"हो."

"रागावू नोका त्याच्यावर. त्याले सुट्टी मांगाची भेव वाट्टे. गरीब हाय सोभावानं. तुमीच द्या न त्याले दोन दिवसाची. मी म्हणलं म्हून सांगजा."

मला हसू आलं. आईनं मुलाच्या सुट्टीचा अर्ज एचआरकडे फोनवर करावा... मी म्हटलं, "सांगते हं आई. काळजी करू नका."

"बरं वो माय," ती म्हणाली. चक्कीचा आवाज आणखी थोडा वेळ येत राहिला, जणू तिनं रिसीव्हर लगेच ठेवला नाही. मग लाइन गेली.

एवढंच. अंगावर काटा नाही, गारवा नाही, काही नाही. मी फॉर्मवर वेळ टाकली, सही केली आणि मॅडमना म्हणाले, "तायडेंचा नंबर चालू आहे मॅडम. त्यांच्या आईशी बोलले."

मॅडमचा हात मस्टरवर थांबला. "कुणाशी?"

"आईशी. कमलाबाई."

"प्रणाली, त्यांची आई गेली. नऊ वर्षं झाली."

मी म्हटलं, मग दुसरी कुणी असेल. चुलती वगैरे. पण मी 'आई का' असं विचारलं, तर हो म्हणाल्या... आणि मॅडम, निरोप पण दिलाय.

"काय म्हणाली?" मॅडमचा आवाज बदलला होता.

मी फॉर्म वाचायला घेतला. "नानूले म्हणा, मी बरी आहो. सकाळी छातीत दुखत होतं... त्याले म्हणा, धावत-पळत येऊ नको..."

"घाई काही नाही," मॅडम म्हणाल्या. "जेवून निंगजो म्हणा."

फॉर्म माझ्या हातात होता. त्यांच्या टेबलावरून तो दिसणं शक्यच नव्हतं.

मॅडम उठल्या, माझ्या टेबलाशी आल्या आणि तोच नंबर स्वतः फिरवला. दोन सेकंद शांतता, मग रेकॉर्ड केलेली बाई बोलली, 'आपण डायल केलेला क्रमांक अस्तित्वात नाही.' त्यांनी पुन्हा लावला. पुन्हा तेच. मी लावला. तेच. एकेक आकडा बोटानं दाखवत आम्ही तीन-चार वेळा लावला.

मग मॅडम माझ्या शेजारच्या खुर्चीत बसल्या. ओढणीनं तोंड पुसलं. आणि मला, एका महिन्याच्या इंटर्नला, त्यांनी जे सांगितलं ते त्यांनी तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा.

नऊ वर्षांपूर्वी त्या टाइम ऑफिसला नव्यानं लागल्या होत्या. एका दुपारी बाराच्या सुमाराला फोन आला. तायडेंच्या आईचा. तिनं हाच निरोप दिला. 'घाई नाही' म्हणाली म्हणून यांनी रजिस्टरमध्ये लिहिलं, 'तायडे (स्टोअर), घरून फोन', आणि ठरवलं की चारला शिफ्ट सुटली की सांगू. त्या दिवशी ऑडिट होतं, साहेब ओरडत होते. "शेडपर्यंत जायला दोन मिनिटं लागतात गं. दोन मिनिटं." चारला तायडे गेटवर आले. त्यांनी खणातून मोबाइल काढला तर आईचे चार मिस्ड कॉल, आणि त्यानंतर शेजाऱ्यांचे. आई दीड वाजता गेली होती. ते तसेच धावत सुटले ते परत आलेच नाहीत. ऑफिसला फोन आला होता हे त्यांना नंतर कळलं असावं. पण तो कुणी घेतला, आई काय म्हणाली, हे सांगायला कुणी गेलं नाही.

"मी जाणार होते," मॅडम म्हणाल्या. "रोज म्हणायचे, आज जाते दर्यापूरला. मग ती पत्रं पाठवायची वेळ आली. गैरहजर म्हणून. साहेबांनी सांगितलं आणि मीच टाइप केली. त्यानंतर कोणत्या तोंडानं जाऊ?"

मी माझी पाण्याची बाटली त्यांच्यापुढे सरकवली. मी तेवीस वर्षांची होते.

दुसऱ्या दिवशी तायडे पावणेअकरालाच येऊन बसले. फोटोतले दाट केस गेले होते. पांढरा शर्ट इस्त्रीचा, हातात प्लास्टिकची फाइल. मॅडमनी मला बाहेर पाठवलं नाही. उलट म्हणाल्या, "इथंच बस." रात्रभर त्या झोपल्या नसाव्यात. आमचं ठरलं होतं की मॅडम त्यांना नऊ वर्षांपूर्वीच्या फोनबद्दल सांगतील. कालच्या फोनबद्दल एक शब्दही बोलायचा नाही. उगाच वेडगळपणा वाटेल, त्या माणसाची थट्टा होईल.

तायडेंना वाटलं, अ‍ॅबस्काँडिंगबद्दल विचारणार. बसल्या बसल्या त्यांनीच सुरुवात केली, "मॅडम, मी तेव्हा न सांगता गेलो हे माझं चुकलंच..."

"तायडे, थांबा," मॅडम म्हणाल्या. "त्या दिवशी तुमच्या आईचा फोन मी घेतला होता."

तायडेंनी हातातली फाइल टेबलावर ठेवली.

मॅडमनी सगळं सांगितलं. ऑडिट, रजिस्टर, चार वाजता सांगू असं ठरवलं ते. कुठंही स्वतःला सोडवून घेतलं नाही. शेवटी म्हणाल्या, "तुम्ही मला काय बोलायचं ते बोला."

तायडेंनी विचारलं, "काय म्हणे ते?"

"म्हणाल्या, मी बरी आहे. धावत-पळत येऊ नको. घाई नाही, जेवून निघ."

"घाई नाई म्हणे?"

"हो."

"चार वेळा फोन केलता तिनं," ते म्हणाले. आता त्यांची भाषा ऑफिसातली राहिली नव्हती. "चार. मले वाटे, बलावून रायली असन. नानू ये, नानू ये म्हणून रायली असन, अन् मी इथं बोल्ट मोजून रायलो. नऊ वर्षं मी तेच आयकून रायलो मॅडम. जेवाले बसलो का तेच, झोपलो का तेच." मग हळूच, "जेवून निंगजो म्हणे?"

"उपाशी पोटी मोटार लागते म्हणाल्या तुम्हाला," मी म्हणाले. मला राहवलंच नाही. "आणि फोनवर त्यांच्या मागे चक्की चालू होती, त्यामुळे..."

मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. तोपर्यंत उशीर झाला होता.

तायडे माझ्याकडे वळले. "चक्कीचं तुमाले कसं मालूम?"

माझी नजर मॅडमकडे गेली.

"तुमचं वय काय? तुमी कुठं होत्या तेव्हा?"

"शाळेत," मी म्हणाले. आणि मग तो फॉर्म त्यांच्यासमोर ठेवला. काल दुपारची तारीख, वेळ, माझं अक्षर.

त्यांनी तो वाचला. पुन्हा वाचला. 'नानू' या शब्दावर बोट ठेवलं. ते नाव फाइलीत कुठंच नव्हतं. मॅडमनाही ते आठवत नव्हतं, मी वाचून दाखवेपर्यंत. सुट्टी मागायची भीती वाटते, तुम्हीच द्या दोन दिवसांची, हे वाचताना त्यांच्या तोंडावर काहीतरी आलं, हसू म्हणता येईल असं. "त्या दिवशी मी काही खाल्लं नोतं," ते म्हणाले. "जीपमंधी दोनदा उतरा लागलं. लोक ओरडून रायले, उशीर होते म्हणून. ओकारी थांबेच ना."

मग म्हणाले, "चक्की बंद झाली. मालकानं इंजिन भंगारात देल्लं. आई गेली त्याच वर्षी मी फोन परत केला, स्वतः दर्यापूरच्या ऑफिसात नेऊन देल्ला." आणि फोनकडे हात केला. "लावू का?"

मॅडम म्हणाल्या, "लावा."

नंबर त्यांना पाठ होता. शून्य दाबलं, आकडे दाबले, रिसीव्हर दोन्ही हातांनी कानाला धरला. बाहेर शेडमध्ये मशीन चालू, खिडकीत कूलर. रिसीव्हरमधून त्या रेकॉर्ड केलेल्या बाईचा बारीक आवाज मलाही ऐकू येत होता. आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत. तिन्ही भाषांत ती तेच सांगत होती. तायडेंनी शेवटपर्यंत ऐकलं. ठेवलं. पुन्हा लावलं. पुन्हा सगळं शेवटपर्यंत ऐकलं, एखादं माणूस बोलत असताना मध्येच ठेवू नये तसं. तिसऱ्यांदा लावताना आकडे दाबून झाल्यावर ते अगदी हळू म्हणाले, "आई, मी जेवलो."

मॅडम तोंड फिरवून कपाटाकडे बघत होत्या.

तायडेंनी रिसीव्हर नीट जागेवर ठेवला, खिशातून रुमाल काढून रिसीव्हरवरचे हाताचे घामाचे डाग पुसले आणि मला म्हणाले, "पुन्हा सांगा. पहिल्यापासून."

मी सांगितलं. "हॅलो, कोन" पासून. ते मध्ये मध्ये थांबवायचे. 'बरं वो माय' म्हणाली की 'बरं बाई' म्हणाली? दमल्यासारखा होता का आवाज? खोकली का? मी म्हटलं, नाही, खणखणीत होता. "हाव," ते म्हणाले, "तसाच होता." त्या दिवशी मी त्यांना ते सगळं तीन वेळा सांगितलं असेल. तिसऱ्या वेळी ते माझ्याकडे बघतच नव्हते, डोळे मिटून बसले होते.

निघताना मॅडमना म्हणाले, "मी रागावलो नाई तुमच्यावर. रागावलोही असतो... पण आता तेच नोका म्हणे न." म्हणजे आईनं 'रागावू नका' म्हटलं होतं ते. तिनं ते ऑफिसच्या लोकांना उद्देशून म्हटलं होतं. त्यांनी ते स्वतःवर घेतलं.

त्यांना कामावर घेतलं. तो शिक्का काढण्यासाठी मॅडमनी वर तीन पानी टिपण लिहिलं. त्यात स्वतःची चूक स्पष्ट लिहिली. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. त्यांनी तो स्वतःच्या फाइलीत स्वतः लावला. रिमार्क्सचा तो फॉर्म मात्र रेकॉर्डला ठेवला नाही, तायडेंना देऊन टाकला. ऑफिसच्या नियमात बसत नाही ते.

मी अमरावतीला परत आले. बाबांना सगळं सांगितलं. मला वाटलं, ते चपलेचा प्रश्न विचारतील. त्यांनी बरंच काही विचारलं. लाइन क्रॉस झाली असेल का, मॅडमनी आधी कधी ओघात बोलून दाखवलं असेल का, तुझ्या डोक्यात उन्हानं काही... सगळ्याला मी नाही म्हणाले. शेवटी म्हणाले, "मग मला माहीत नाही." बाबांच्या तोंडून हे वाक्य मी आयुष्यात फार वेळा ऐकलेलं नाही.

आता मी अमरावतीतच एका कंपनीत एचआरला आहे. रोज दहा-पंधरा नंबर पडताळते. तसं पुन्हा कधी झालं नाही. एक मात्र आहे, रिंग जात असताना मला उगाचच थांबावंसं वाटतं. नंबर बंद आहे हे कळल्यावरही मी लगेच ठेवत नाही. तो आवाज पुन्हा ऐकावा असं वाटतं मला. माझं तिचं नातं काहीच नाही, तरी.

मागच्या महिन्यात तायडेंचा फोन आला. अधूनमधून येतो. म्हणाले, "मॅडम, पोरगी मागे लागली. तिले आजीबद्दल आयकाचं आहे. म्या सांगतलं तिले का तुमी बोलल्या होत्या आजीशी." पोरगी आठ वर्षांची. आजी गेली त्यानंतर तीन वर्षांनी झालेली. आजीचा एकच फोटो आहे घरी, तोही लग्नातला, डोळे मिटलेला.

पोरीनं फोन घेतला. नाव सांगितलं, श्रेया. कोणत्या वर्गात ते सांगितलं. मग सरळ विचारलं, "आजीचा आवाज कसा होता?"

मी प्रयत्न केला. म्हटलं, खणखणीत होता. घरातून अंगणातल्या माणसाला हाक मारावी तसा. आणि शेवटी शब्द जरासा लांबवायची ती. ती लक्ष देऊन ऐकत होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

मग तिनं विचारलं, "माह्याबद्दल काही बोलली का ते?"

तिच्या मागे कुणीतरी भांडी लावत होतं.

"हो," मी म्हणाले.

"काय?"

"विचारत होती... तू नीट जेवतेस का."

मग फोन कानापासून दूर गेल्याचा आवाज, आणि लांबून, घरभर ऐकू जाईल असा तिचा आवाज, "पप्पा! आजी माहं जेवन इचारून रायली होती!"

मी फोन ठेवला नाही. बराच वेळ त्यांच्या घरातले आवाज ऐकत बसले.

हे एवढं एकच मी खोटं बोलले. बाकी सगळं जसं घडलं तसं लिहिलं आहे, आणि ते का घडलं हे मला आजही सांगता येत नाही.